बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ॲक्चुअली’ आणि ‘अं…’ : घालवावेत का, आणि कसे?

मितभाषी

बैठका ध्वनिमुद्रित होऊ लागल्या आणि त्यांचे लिखित उतारे आपोआप हाती येऊ लागले, तेव्हापासून स्वतःचे बोलणे वाचण्याची वेळ पुष्कळांवर येऊ लागली आहे. ऐकताना जे कुणाला खटकत नाही ते लिहिलेले पाहिले की डोळ्यांत खुपते. ‘म्हणजे आपलं ते, काय म्हणतात, ॲक्चुअली मागच्या वेळी जे ठरलं होतं ना, तर त्याचं म्हणजे असं आहे की’ एवढ्या लांबलचक तुकड्यातून कामाचे शब्द वेचले तर ‘मागच्या वेळी ठरलं होतं’ इतकेच शिल्लक राहते, आणि मुख्य सांगायचे ते तर अजून यायचेच असते.

माझ्या निरीक्षणाप्रमाणे या भरीच्या शब्दांचे चार प्रकार पडतात. पहिला निव्वळ ध्वनींचा, म्हणजे ‘अं’, ‘अ…’, किंवा शेवटचा स्वर ताणून केलेले ‘आणिऽऽ’ आणि ‘परऽऽ’. दुसरा अर्थ झिजून गेलेल्या शब्दांचा, ज्यात ‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘ते हे’, ‘ॲक्चुअली’, ‘बेसिकली’ ही मंडळी येतात. तिसरा वाक्याच्या शेपटाला लागणारा, म्हणजे ‘ना’, ‘बरं का’, ‘कळलं ना’, ‘राइट’, ‘ओके’. चौथा प्रकार मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो विनयाच्या वेषात येतो : ‘जरासं सुचवायचं होतं’, ‘एक छोटीशी शंका होती’, ‘मला आपलं असं वाटतं’. हे चारही प्रकार एकाच कारणाने येत असतील असे मला वाटत नाही. कारणे निराळी असतील, तर ‘आत्मविश्वासाने बोला’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला निरुपयोगी आहे. ज्याला तो आचरणात आणता येतो त्याला त्याची गरजच नसते.

ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, किंवा ज्यांचा व्यवसायच बोलण्याचा आहे, त्यांच्याकडून हे समजून घ्यायचे आहे की यांतले काय खरोखर त्रासदायक आहे, काय निरुपद्रवी आहे, आणि जे घालवायचे ते कोणत्या मार्गाने जाते.

कानसेन

शीर्षकातला ‘घालवावेत का’ हा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेक मार्गदर्शक तो विचारतच नाहीत. बोलणे ही लेखनाची बिघडलेली आवृत्ती आहे, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. प्रत्यक्षात कोणत्याही भाषेतले उत्स्फूर्त बोलणे अडखळतच चालते. इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासांतून पुढे आलेला ढोबळ अंदाज असा आहे की दर 100 शब्दांमागे साधारण 6 अडखळी असतात, आणि त्यांत भरीचे ध्वनी, शब्दांची पुनरुक्ती आणि मध्येच मोडून नव्याने सुरू केलेली वाक्ये हे सगळे येते. हे आकडे तुमच्याआमच्यासारख्या सामान्य बोलणाऱ्यांचे आहेत, भित्र्या माणसांचे नव्हेत.

हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये असे मांडले की इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘अम्’ हे उच्चार नुसता आवाज नसून शब्दच आहेत. पहिला लहान विलंबाची आणि दुसरा त्याहून मोठ्या विलंबाची सूचना ऐकणाऱ्याला देतो. हा दावा सर्वांना मान्य झालेला नाही, हेही सांगायला हवे. पण ऐकणारा या ध्वनींचा उपयोग करून घेतो, याला इतरत्र आधार मिळाला आहे. मार्टिन कॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2007 मधल्या प्रयोगात, ज्या शब्दाच्या आधी बोलणारा असा अडखळला होता तो शब्द ऐकणाऱ्यांना नंतर अधिक चांगला ओळखता आला. पुढे काहीतरी अनपेक्षित येत आहे, असे समजून कान टवकारले जातात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

माझ्या मते याहून मनोरंजक अभ्यास 1991 मधला आहे. स्टॅनली शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातली व्याख्याने ऐकून भरीचे ध्वनी मोजले, तेव्हा विज्ञानाच्या प्राध्यापकांपेक्षा साहित्य, कला असे विषय शिकवणारे प्राध्यापक अधिक अडखळताना आढळले. त्याच लोकांना एका सर्वसामान्य विषयावर बोलते केल्यावर मात्र हा फरक नाहीसा झाला. म्हणजे दोष वक्त्यांच्या स्वभावात नव्हता. ज्या विषयात एकच गोष्ट दहा प्रकारे सांगता येते तिथे निवड करायला वेळ लागतो, आणि तो वेळ ‘अं’ने भरला जातो. मितभाषी यांच्या पहिल्या प्रकाराकडे मी याच दृष्टीने पाहतो : ते विचार चालू असल्याचे चिन्ह आहे, आणि ते समूळ नष्ट करण्याचा अट्टाहास केला तर माणूस पाठ केलेले बोलू लागेल.

सावली

कानसेन यांनी सांगितलेले अभ्यास मलाही ठाऊक आहेत आणि त्यांच्याबद्दल माझे दुमत नाही. मी प्रौढांना सभेत बोलण्याचे प्रशिक्षण देते, आणि माझा आक्षेप एवढाच आहे की संभाषण आणि भाषण यांत आपण फरक केला नाही तर या संशोधनाचा उपयोग पळवाटेसारखा होतो.

दोन माणसे बोलत असतात तेव्हा पाळी बदलण्याचा वेग थक्क करणारा असतो. जगातल्या दहा भाषांची तुलना करणाऱ्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळले. चित्रातल्या एखाद्या साध्या वस्तूचे नाव उच्चारायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, हे लक्षात घेतले तर समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपण उत्तर जुळवू लागलेलो असतो, हे उघड आहे. अशा घाईत जो क्षणभर थांबला त्याची पाळी गेली, म्हणून ‘म्हणजे’, ‘तर’, ‘अं’ हे शब्द जागा धरून ठेवतात. गप्पांमध्ये त्यांचे हे काम रास्तच आहे.

परंतु आपण सभेसमोर उभे असतो, किंवा अहवाल सादर करत असतो, तेव्हा आपली पाळी कुणी हिसकावून घेणार नसते. तिथे जागा धरून ठेवण्याचे कारणच उरत नाही, आणि तरीही सवय चालूच राहते. म्हणून मी शिकणाऱ्यांना ‘अं म्हणू नका’ असे सांगत नाही. ‘इथे थांबायला परवानगी आहे’ असे सांगते. हे ऐकायला सोपे वाटते, पण अनेकांना ते पटायला बराच काळ जातो.

आता उपायाविषयी. भरीचे ध्वनी वाक्यभर सारखे पसरलेले नसतात. नवे वाक्य किंवा नवा मुद्दा सुरू होतो त्या सांध्यावर ते गोळा होतात, कारण सर्वाधिक निर्णय तिथेच घ्यायचे असतात. सांधा सापडला की अर्धे काम झाले. वाक्य संपले की ओठ मिटावेत, नाकाने श्वास आत घ्यावा आणि मगच पुढचे वाक्य सुरू करावे. यामागे शरीराचे साधे गणित आहे : आपण श्वास बाहेर सोडतानाच बोलतो, त्यामुळे श्वास आत घेतला जात असताना ‘अं’ सहसा निघत नाही. ‘दीर्घ श्वास घ्या’ या नेहमीच्या सल्ल्याशी याची गल्लत करू नये. इथे श्वास लहानच असतो, त्याची जागा तेवढी ठरलेली असते.

सवय मोडण्याची रीतही शास्त्राला अपरिचित नाही. अझ्रिन आणि नन यांनी 1973 मध्ये नखे कुरतडण्यासारख्या सवयींसाठी एक पद्धत मांडली. तिचा गाभा असा की सवय घडते तो क्षण आधी स्वतःला ओळखता यावा, आणि मग त्या जागी तिच्याशी एकाच वेळी जमणार नाही अशी दुसरी कृती बसवावी. अलीकडे, 2016 आणि 2017 मध्ये, हीच पद्धत भाषणातल्या भरीच्या शब्दांवर वापरून पाहिली गेली. सहभागी मोजके होते, तरी निष्कर्ष उपयोगाचा आहे : आपण कधी ‘अं’ म्हणतो याची जाणीव तीक्ष्ण झाल्यानेच प्रमाण बरेच उतरले. म्हणून क्रम असा ठेवावा की प्रथम ध्वनिमुद्रण ऐकताना भरीचा शब्द पकडावा, मग बोलताना तो तोंडातून गेल्याबरोबर पकडावा, आणि काही काळाने तो येऊ घातला असतानाच पकडावा. तिसरा टप्पा आला की शांतता आपोआप त्याची जागा घेते.

प्रश्नचिन्ह

सावलीताई, तुम्ही म्हणता त्या शांततेचीच मला भीती वाटते. थांबल्यावर पुढचे वाक्य सुचण्याऐवजी सगळे डोळे आपल्याकडे लागले आहेत एवढेच सुचते, आणि मग ततपप सुरू होते. मुलाखतीत तर प्रश्न विचारणाऱ्यासमोर दोन सेकंद गप्प बसणे म्हणजे उत्तर येत नसल्याची कबुली देणे असे वाटते. तेव्हा ‘अं’ निदान आपण विचार करत आहोत एवढे तरी दाखवतो, असे का म्हणू नये?

निवेदिका

मी अनेक वर्षे श्राव्य माध्यमात निवेदन करते. प्रश्नचिन्ह यांची भीती खरी आहे, पण तिच्यात एक दृष्टिभ्रम, खरे तर श्रुतिभ्रम, मिसळलेला आहे. बोलणाऱ्याला स्वतःची विश्रांती असते त्याहून कितीतरी मोठी वाटते. आमच्याकडे नव्याने आलेल्या निवेदकाला आम्ही त्याचेच ध्वनिमुद्रण ऐकवतो. ज्या ठिकाणी आपण फार वेळ थांबलो असे त्याला वाटलेले असते, तिथे ऐकताना जेमतेम पूर्णविरामाएवढी जागा सापडते. पहिल्या वेळी अनेकांना स्वतःचा आवाजच परका वाटतो. त्याचे कारण असे की बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, तर ध्वनिमुद्रणात केवळ हवेतला आवाज असतो. त्या परकेपणाला घाबरून ऐकणे सोडू नये. दोनचारदा ऐकले की तो जातो, आणि मग कान बोलण्याच्या घडणीकडे वळतो.

मला मात्र एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शनात ती सापडत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही नंतर. ‘हा बदल पुढच्या टप्प्यात करण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही’ या वाक्याचा सगळा निकाल शेवटच्या शब्दात आहे. आता ज्याला आत्मविश्वास वाटत नाही असा माणूस काय करतो ते पाहा. वाक्याच्या मध्यावर श्वास संपत येतो, पुढच्या वाक्याची चिंता सुरू होते, आवाज पडतो, आणि ‘वाटत नाही’ हे शब्द गिळले जातात. ऐकणाऱ्याला होकार की नकार तेच कळत नाही. वाक्य नीट न मिटल्यामुळे बोलणाऱ्यालाही ते संपल्यासारखे वाटत नाही, म्हणून तो ‘म्हणजे’, ‘तर असं आहे’ असे ठिगळ लावून पुन्हा तिथेच घुटमळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे कितीतरी भरीचे शब्द या अर्धवट सोडलेल्या शेवटांतून जन्माला येतात.

यावर आम्ही जो सराव करून घेतो तो साधा आहे. कोणताही लिखित परिच्छेद मोठ्याने वाचावा, आणि प्रत्येक वाक्याचे क्रियापद पहिल्या शब्दाइतक्याच स्पष्टपणे, त्याच ताकदीने उच्चारावे. हे जमू लागले की तोच परिच्छेद बंद करून स्वतःच्या वाक्यांत सांगावा. लहान वाक्ये आपोआप होऊ लागतात, कारण शेवटापर्यंत श्वास पुरवायचा आहे हे शरीराला समजलेले असते. ‘जो प्रस्ताव ज्या समितीने ज्या कारणासाठी मांडला होता तो’ असे तीन ‘ज’ एका दोरीत ओवून बोलायला गेलो की त्यांची तीन उत्तरे लक्षात ठेवावी लागतात. लिहिताना हे शोभते, बोलताना मधल्या कुठल्यातरी वळणावर माणूस हरवतो.

वेगाबद्दलही थोडे सांगते. मिनिटाला अमुक शब्द बोलावेत असे इंग्रजीतले आकडे पुष्कळ ठिकाणी उतरवलेले दिसतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामालाच जोडून लिहितात, त्यामुळे तेवढ्याच मजकुरात मोजायला शब्द कमी भरतात. ते आकडे मराठीला जसेच्या तसे लावले तर बोलणाऱ्याला उगाच घाई करावी लागेल.

अर्धविराम

चर्चा चांगली चालली आहे. वाचा-उपचार क्षेत्रात काम करत असल्यामुळे एक मर्यादा स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. इथे ज्या अडखळण्याबद्दल बोलले जात आहे ते सर्वांच्या बोलण्यात असणारे अडखळणे आहे. तोतरेपणा ही वेगळी गोष्ट आहे, आणि प्रौढांमध्ये तिचे प्रमाण सुमारे 1 टक्का मानले जाते. तिच्यात शब्दाच्या आरंभीचा ध्वनी पुन्हा पुन्हा येतो, किंवा लांबतो, किंवा तोंड उघडूनही आवाज फुटत नाही. काय बोलायचे ते त्या व्यक्तीला पूर्णपणे माहीत असते. तिचे मूळ मेंदूतल्या वाणीच्या नियोजनाशी आणि आनुवंशिकतेशी जोडलेले आढळते. ती आत्मविश्वासाच्या अभावातून उद्भवत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की तोतरेपणा असणाऱ्या अनेक व्यक्ती अवघड शब्दावर चढण्यासाठी ‘अं’ किंवा ‘म्हणजे’ यांचा पायरीसारखा उपयोग करतात, आणि काही जण अडचणीचा शब्द टाळून लांबचा वळसा घेतात. बाहेरून हे सारे भरीचे शब्दच दिसतात. अशा व्यक्तीला ‘शांतपणे बोल’, ‘आधी विचार कर आणि मग बोल’ असे बजावणे, किंवा तिचे ‘अं’ मोजणे, हे तिच्यावरचा ताण वाढवते. जिथे अडकण्यासोबत चेहऱ्याचे किंवा मानेचे स्नायू ताणले जातात, किंवा विशिष्ट ध्वनी टाळण्याची धडपड दिसते, तिथे तज्ज्ञाला दाखवावे. इथले सराव त्यासाठी नाहीत.

मितभाषी

सर्वांचे आभार. निवेदिका यांचा वाक्याच्या शेवटाचा मुद्दा मला सर्वांत नवा वाटला. ‘राइट’ आणि ‘कळलं ना’ ही शेपटे कुठून येतात याचे उत्तर त्यात बऱ्याच अंशी मिळते.

मात्र चौथ्या प्रकाराला अजून कुणी हात घातलेला नाही. ‘एक छोटीशी शंका होती’ असे म्हणणारा माणूस शब्द शोधत नसतो. त्याला काय म्हणायचे ते ठाऊक असते, आणि तरीही तो ते लहान करून सांगतो. इथे श्वासाचा किंवा सांध्याचा उपाय कसा लागू पडेल? शिवाय सगळे सौम्य शब्द काढून टाकले तर बोलणे उद्धट होईल, अशीही भीती आहे.

सावली

मितभाषी, हा प्रकार तुम्ही वेगळा काढलात ते योग्यच झाले. पहिल्या तीन प्रकारांचा संबंध वेळेशी आहे, आणि चौथ्याचा संबंध ऐकणाऱ्याशी असलेल्या नात्याशी.

1970 च्या दशकात अमेरिकेत असे मत मांडले गेले होते की सौम्य करणारे, साशंक वाटणारे शब्दप्रयोग हे बायकांच्या बोलण्याचे वैशिष्ट्य आहे. विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी न्यायालयातल्या साक्षी ऐकून 1980 मध्ये दाखवले की हा भेद स्त्री-पुरुषांपेक्षा सामाजिक स्थानाचा आणि अनुभवाचा अधिक आहे. न्यायालयात वरचेवर येणाऱ्या तज्ज्ञ स्त्रिया ठामपणे बोलत होत्या, आणि पिंजऱ्यात प्रथमच उभे राहिलेले काही पुरुष साक्षीदार चाचरत होते. त्याआधी, 1978 मध्ये, ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच साक्ष दोन शैलींत ऐकवली होती, तेव्हा चाचरत्या शैलीतली साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटली. म्हणजे हे शब्द निरुपद्रवी नाहीत. मजकूर तोच असला तरी त्याचे वजन घटते.

तरीही ते सगळे काढून टाकावेत असे मी म्हणणार नाही. माझी कसोटी अशी आहे की तो शब्द काही माहिती देतो का, ते पाहावे. ‘माझ्याकडे आलेल्या आकड्यांनुसार’, ‘हा माझा अंदाज आहे’, ‘या भागाबद्दल मला खात्री नाही’ ही वाक्ये ऐकणाऱ्याला सांगतात की कोणत्या विधानावर किती भर द्यायचा. ती प्रामाणिक आहेत, आणि माझ्या मते आत्मविश्वासाचीही आहेत, कारण आपल्याला काय माहीत नाही ते स्पष्ट सांगायला धैर्य लागते. याउलट ‘जरासं’, ‘छोटंसं’, ‘आपलं उगीच’ हे शब्द मजकुराबद्दल काहीच सांगत नाहीत. बोलणारा आपल्याला मिळणाऱ्या वेळेबद्दल क्षमा मागत असतो एवढेच त्यांतून कळते. पहिले ठेवावेत, दुसरे टाकावेत.

उद्धटपणाची भीती बाळगू नये, कारण मराठीत आदर व्यक्त करायला इतर साधने भरपूर आहेत. आदरार्थी बहुवचन आहे, ‘करावे’, ‘पाहावे’ अशी विध्यर्थी रूपे आहेत. ‘एक छोटीशी शंका होती, म्हणजे मला आपलं वाटत होतं की’ या ऐवजी ‘आपण तिसरा मुद्दा पुन्हा तपासून पाहावा, असे मी सुचवतो’ हे वाक्य अधिक ठाम आहे आणि तसूभरही कमी नम्र नाही.

कानसेन

ही कसोटी मला मान्य आहे, आणि तिच्यामुळे माझा आधीचा आक्षेपही सौम्य होतो. (हा सौम्यपणा माहितीपूर्ण समजावा.)

प्रश्नचिन्ह यांच्या भीतीबद्दल आणखी दोन अभ्यास सांगतो. केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवले की भाषण करणाऱ्याला आपली घाबरगुंडी सभेला जितकी दिसते आहे असे वाटते, तितकी ती दिसत नसते. पुढचा भाग अधिक उपयुक्त आहे : भाषणाआधी ज्यांना ही वस्तुस्थिती समजावून सांगितली त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. दुसरा अभ्यास ॲलिसन वुड ब्रूक्स यांचा, 2014 मधला. धडधडत्या छातीला शांत करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा, ‘मी उत्सुक आहे’ असे स्वतःला सांगून त्याच धडधडीला वेगळे नाव देणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. भीती आणि उत्सुकता यांत शरीर जवळजवळ सारखेच वागते, त्यामुळे एकीतून दुसरीत जाणे हे शांत होण्याहून सोपे पडते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.

निवेदिका

मुलाखतीबद्दल प्रश्नचिन्ह यांनी विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. प्रश्न संपल्यावर लगेच बोलायला सुरुवात केल्याने हुशारी सिद्ध होत नाही. विचार करायला वेळ हवा असेल तर तो उघडपणे मागावा : ‘क्षणभर विचार करून सांगतो’ हे पूर्ण, नीट मिटलेले वाक्य आहे, आणि त्यानंतरच्या शांततेला कारण मिळालेले असते. किंवा प्रश्नातला कोणता भाग आधी घेणार आहोत ते सांगावे, जसे ‘आधी खर्चाबद्दल सांगतो, मग वेळेबद्दल’. यामुळे ऐकणाऱ्याला नकाशा मिळतो आणि आपल्याला दोन श्वास मिळतात. मात्र ‘फार चांगला प्रश्न विचारलात’ हे वाक्य वापरू नये. तो ‘अं’च आहे, फक्त पोशाख भारी आहे.

प्रश्नचिन्ह

हे पटले, आणि जमेल असेही वाटते. पण दूरस्थ बैठकींत एक निराळी अडचण येते. तिथे आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, आपण श्वास घ्यायला थांबलो की समोरच्याला वाटते आपले संपले, आणि तो बोलू लागतो. मग दोघे एकदम थांबतात, दोघे एकदम ‘बोला बोला’ म्हणतात. अशा ठिकाणी ‘तर’, ‘आणिऽऽ’ यांनी जागा धरून ठेवण्यावाचून गत्यंतर दिसत नाही.

सावली

निरीक्षण अचूक आहे. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यावर चालणाऱ्या व्यवहारात तेवढाच विलंब मध्ये आला की पाळीचा हिशेब कोलमडतो. म्हणून तिथे जागा धरण्याचे काम भरीच्या शब्दांवर न सोडता सुरुवातीलाच करून टाकावे : ‘माझे तीन मुद्दे आहेत, तिन्ही झाले की प्रश्न घेतो.’ मग मुद्द्यांच्या मध्ये थांबले तरी कुणी उडी मारत नाही, कारण अजून दोन यायचे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. शेवटही बोलून दाखवावा. ‘माझे बोलणे संपले’ असे म्हणायला अनेकांना संकोच वाटतो, आणि मग ते ‘तर… असं आहे… हं… ओके’ अशा उताराने थांबतात.

कानसेन

मितभाषी यांना एक व्यावहारिक सूचना. आपोआप तयार होणाऱ्या लिखित उताऱ्यांवरून भरीचे शब्द मोजू नयेत. अशा प्रणाली वाचनाच्या सोयीसाठी ‘अं’सारखे ध्वनी आणि पुनरुक्ती पुष्कळदा गाळून टाकतात, आणि मराठीच्या बाबतीत तर ‘आपलं’ हा शब्द भरीचा की सर्वनाम, हे त्यांना कळणेही अवघड आहे. उताऱ्यात जे दिसते त्याहून बोलण्यात अधिक असण्याचीच शक्यता आहे. मोजायचे असेल तर मूळ आवाज ऐकावा.

मितभाषी

हे माझ्या लक्षात आले नव्हते. मग कोणता भाग ऐकावा, आणि मोजायला दुसऱ्या कुणाला बसवावे का? काही वक्तृत्व मंडळांत ‘अं’ मोजणारा स्वतंत्र सभासद असतो, असे ऐकले आहे.

सावली

टोस्टमास्टर्स या संस्थेत तशी प्रथा आहे. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियात तिचा पहिला क्लब सुरू केला, आणि आजही तिच्या सभांत एका सभासदाकडे भरीचे ध्वनी आणि शब्द टिपण्याचे काम असते. भाषण संपल्यावर नोंद ऐकवली जाते तोवर ही रीत उत्तम आहे. काही प्रशिक्षक मात्र प्रत्येक ‘अं’ला घंटी वाजवतात, ते मला पसंत नाही. त्याने वक्त्याचे लक्ष मजकुरावरून उडून स्वतःच्या जिभेवर जाते, आणि मग अडखळणे कमी व्हायचे तिथे वाढते.

दुसरी व्यक्ती मिळाली तर तिला एकूण संख्येऐवजी जागा टिपायला सांगावे : भरीचा शब्द वाक्याच्या आरंभी आला, मध्ये आला, की शेपटाला लागला. आरंभी येत असतील तर सांध्यावरचा श्वास, शेपटाला येत असतील तर निवेदिका यांचा क्रियापदाचा सराव. ऐन मध्ये, एखाद्या नामाच्या किंवा आकड्याच्या आधी येत असतील तर उपाय बोलण्यात नाही, तयारीत आहे. ती नावे आणि ते आकडे आदल्या दिवशी मोठ्याने उच्चारून ठेवावेत.

आणि ऐकायचा भाग म्हणाल तर सादरीकरणाची सुरुवात ऐकू नये. ती सर्वांनी घोटलेली असते आणि तिथे सगळेच चांगले बोलतात. प्रश्नोत्तरे सुरू झाल्यानंतरची पहिली पाच मिनिटे ऐकावीत.